पातेल्यातला मेइडोर्न

फेब्रुवारी संपत आला की मी सकाळी उठून आधी मागच्या अंगणात जाते आणि मेइडोर्नच्या काड्यांवरचे कोंब बघते. चष्मा लावून, वाकून, अगदी नाक टेकेल इतक्या जवळून. कोंब मोहरीएवढे असतात, तपकिरी, घट्ट मिटलेले. मग एखाद्या सकाळी त्यांतल्या एकाच्या टोकाला हिरवी रेघ दिसते आणि माझा सात वर्षांपूर्वीचा राग जसाच्या तसा जागा होतो. वाखनिंगन या डच गावातली माझी शेजारीण म्हणते, वसंत आला की तिला हलकं हलकं वाटतं. मला वसंत आला की भांडावंसं वाटतं.

मेइडोर्न म्हणजे इथलं कुंपणाचं झाड. इंग्रजीत हॉथॉर्न. मराठीत त्याला नाव नाही, कारण आपल्याकडे ते कुणी पाहिलेलंच नाही. सफरचंदाच्या घराण्यातलं, पण अंगभर काटे. मे महिन्यात पांढरी फुलं आणि थंडीत बारीक लाल फळं, जी पाखरं खातात. काटेरी तारा यायच्या आधी इथले शेतकरी याचीच कुंपणं लावत. म्हणजे याने जन्मभर बांधावर उभं राहायचं. मी झाडांच्या रोगांवर काम करते, त्यामुळे याची आणखी एक गोष्ट मला ठाऊक आहे. सफरचंद-नासपतीच्या बागांना याच्यामुळे रोग लागतो म्हणून बागांजवळचे मेइडोर्न उपटून टाकत. रोग सफरचंदालाही होतो आणि नासपतीलाही होतो, पण उपटायचं मेइडोर्नला. विद्यार्थी असताना हे मी वहीत नुसतं उतरवून घेतलं होतं. आता आठवलं की हसू येतं, आणि ते हसू काही बरं नसतं.

माझा मेइडोर्न स्टीलच्या पातेल्यात आहे. बोन्साय म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मातीची, उथळ, देखणी कुंडी येते. तशी एक कुंडी यंदाच्या हिवाळ्यात माझ्याकडे आली आहे. विमने दिली. विम हा आमच्या गावातल्या बोन्साय क्लबचा म्हातारा, ऐंशीचा, जन्मभर माळीकाम केलेला. इथे सगळे त्याला एकेरीत बोलतात म्हणून मीही बोलते. कुंडी गडद तपकिरी, ओल्या मातीच्या रंगाची, झाडाच्या मापाची. ती टेबलावर ठेवून विम एवढंच म्हणाला, "आता पुरे झालं असेल तर यात लाव." गेला महिनाभर ती कुंडी टेबलावर आहे आणि आम्ही दोघं नवरा-बायको तिच्या कडेकडेने जेवतो आहोत. मेइडोर्नची माती बदलायची ती कोंब उघडण्याच्या आधी. म्हणजे काय ते याच आठवड्यात ठरवायला हवं.

पातेलं आईचं आहे. आई अकोल्यात अंगणवाडी सेविका होती. दुपारी तीन वाजता, पोरं घरी गेली की, ती त्याच खोलीत वस्तीतल्या बायकांना लिहायला शिकवायची. आधी स्वतःचं नाव, मग नवऱ्याचं, मग गावाचं. तिचा एकच नियम होता. लिहिलेलं मोठ्याने वाचायचं. पुटपुटलेलं चालत नसे. "तोंडातल्या तोंडात काय वाचते वं, चोरीचं आहे का?" हे तिचं वाक्य मी गृहपाठ करता करता शेकडो वेळा ऐकलं आहे. पाच-सहा वर्षांनी त्या बायकांनी विहाराच्या महिला मंडळात वर्गणी काढली आणि एका बुद्धपौर्णिमेला आईला हे पातेलं दिलं. मोठं, जड बुडाचं, तीस माणसांची खीर होईल असं. भांड्यांच्या दुकानात नाव घालून घेतलं. ते टर्रर्र करत टिंबाटिंबांनी अक्षरं पाडणारं यंत्र असतं ना, त्याने. आई सांगते की यंत्र चालू असताना आठ बायका दुकानदाराच्या डोक्यावर उभ्या होत्या आणि एकेक अक्षर पडेल तसं मोठ्याने वाचत होत्या. दुकानदार वैतागला होता.

काठाखाली लिहिलं आहे: "बुद्धपौर्णिमा. सौ. शेवंता गौतम ढवळे यांना विहार महिला मंडळाकडून सप्रेम भेट."

मी शिकायला वाखनिंगनला निघाले तेव्हा आईने ते पातेलं माझ्या बॅगेत घातलं. त्यात मसाला, पापड आणि माझे मोजे भरले. मी म्हटलं, तिकडे भांडी मिळतात. ती म्हणाली, "नाव घातलेली मिळतात का?"

आता माझा राग ज्यांच्यावर आहे त्या दोघांबद्दल. त्यांना मी श्रीकांतदादा आणि वहिनी म्हणायचे, इथेही तेच म्हणते. त्यांचं आडनाव मी लिहिणार नाही. माझं मन मोठं आहे म्हणून नव्हे. या लेखात आईचं पूर्ण नाव आलं आहे, त्याच्या शेजारी त्यांचं येऊ नये म्हणून. दादा हूफडॉर्पला मोठ्या आयटी कंपनीत, घर नव्या वसाहतीत, मागे टेबलक्लॉथएवढी बाग. रविवारी मराठी पोरापोरींना जेवायला बोलवायचे. विद्यार्थी असताना मी तिथे पोटभर वरणभात खाल्ला आहे, हे नाकारणार नाही. "अगं, लाजतेस काय, आपलंच घर आहे," असं वहिनी म्हणायच्या. माझं आडनाव मात्र त्यांना छळत असावं. "ढवळे म्हणजे तुम्ही नक्की कुठले?" असं त्यांनी तीन वेगवेगळ्या रविवारी विचारलं होतं. मी तिन्ही वेळा "अकोल्याचे" म्हणाले.

मग एका मे महिन्यात सगळ्यांनी एकेक पदार्थ करून न्यायचं ठरलं. बुद्धपौर्णिमा होती म्हणून मी खीर केली, आईच्या पातेल्यात. तोवर मला नोकरी लागली होती, लग्न झालं होतं. खीर पाच मिनिटांत संपली. श्रीकांतदादांनी तीनदा घेतली आणि बुडाची खरवडून खाल्ली. मी पातेलं उचलायला गेले तर वहिनी म्हणाल्या, "राहू दे गं, घासून देते पुढच्या वेळी."

पुढची वेळ आली नाही. आषाढात काही नाही, गणपतीत काही नाही, दिवाळीचा फराळ झाला तो मी लोकांच्या फोटोंत बघितला. मी मेसेज केला की वहिनींचं उत्तर यायचं, "अगं राहूनच जातंय बघ," आणि पुढे जोडलेल्या हातांचं चित्र. कळायला मला जरा वेळ लागला. माणूस स्वतःवरच आधी संशय घेतो. मी काही बोलले का, खिरीत काही पडलं का, असं मी नवऱ्याला विचारत राहिले. प्रशांत माझ्यापेक्षा लवकर शहाणा झालेला आहे. तो म्हणाला, "भांडं घासताना वाचलं असेल." मी त्याच्यावरच चिडले.

सात वर्षांपूर्वीच्या मार्चमधल्या त्या रविवारी मी न कळवता हूफडॉर्पला गेले. वारा असा की बसथांब्यावर डोळ्यांतून पाणी येत होतं. दार वहिनींनी उघडलं. मी आत गेले. स्वयंपाकघराच्या ओट्यावर तीन डबे होते. दुसऱ्यांचे, परत द्यायचे, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी, आणि तिन्हींत लाडू. डबा रिकामा परत करू नये ही आपली रीत त्या घरात फार काटेकोर पाळली जाते. मी म्हटलं, "वहिनी, माझं पातेलं न्यायला आले."

त्यांनी आत हाक मारली, "अहो, ऐकलं का? ही पातेल्यासाठी आलीय."

श्रीकांतदादा आनंदाने बाहेर आले. खरंच आनंदाने. त्यांनी मला मागच्या बागेत नेलं आणि कोपऱ्यात हात दाखवला. पातेलं तिथे होतं. त्यात काळी माती आणि मातीत मनगटाएवढ्या जाडीचं एक खोड, गुडघ्याच्या उंचीवर करवतीने कापलेलं. एक पान नाही. काटे तेवढे होते.

"बोन्साय करतोय," ते म्हणाले. "जंगली झाडाचं करायचं असतं, त्याचं खोड आधीच म्हातारं असतं ना. मास्ट्रिख्टकडे एका मित्राच्या शेताचं कुंपण काढत होते, त्यातलं उपटून आणलं. गाडीच्या डिकीत बसेना म्हणून मुळं जरा छाटली. आणि हे स्टीलला होल पाडणं काय सोपं नाही बरं का! पाच होल पाडली, तीन ड्रिल बिट गेले."

मागे दारात उभ्या राहून वहिनी म्हणाल्या, "तसं आम्ही ते वापरत नव्हतो गं. तुमच्याकडचं म्हणून वेगळंच ठेवलं होतं. मग म्हटलं, नुसतं पडून राहण्यापेक्षा."

वेगळं ठेवलं होतं. त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता, की भांडण नव्हतं. पापड उन्हात ठेवले होते म्हणावं, तसं त्या म्हणाल्या. आमच्या आजीचं आयुष्य ज्या शब्दांत गेलं ते शब्द, वाय-फाय असलेल्या घरात, समोर सायकली लावलेल्या रस्त्यावर. मी इतकी चांगली उत्तरं नंतर शोधून काढली आहेत की त्यांचं पुस्तक होईल. त्या क्षणी फक्त म्हणाले, "मी नेते."

"थांब, झाड काढून देतो," दादा म्हणाले.

"नको. झाडासकट नेते."

"अगं, ते जगणार नाही. मुळंच राहिली नाहीत त्याला." मग हसून म्हणाले, "ने, बघ तुझ्या हाताला गुण असला तर."

ते पातेलं पोटाशी धरून मी बसने स्टेशनवर गेले, मग गाडी, मग दुसरी गाडी, मग पुन्हा बस. काटे कोटातून आत टोचत होते. भोकांतून काळं पाणी गळून मांडीवर डाग पडला. समोरच्या डच बाईंनी विचारलं, हे काय झाड आहे? मी म्हटलं, माहीत नाही, मेलेलं आहे. त्या वाकून बघायला लागल्या आणि म्हणाल्या, "मेइडोर्न. हा सहज मरत नाही." उत्रेख्त स्टेशन येईपर्यंत मी ठरवून टाकलं होतं. झाड जगवायचं. त्याच्यावर माया आली म्हणून नाही. ते जगणार नाही असं श्रीकांतदादा म्हणाले होते म्हणून.

विमची आणि माझी ओळख या खोडामुळे झाली. क्लबात मी पहिल्या दिवशी पातेल्यासकट गेले. विमने नखाने साल जराशी खरवडली. आत ओलं हिरवं होतं. तो म्हणाला, "जिवंत आहे. आता याला दोन वर्षं हात लावू नकोस." मला तर त्याच दिवशी वळण द्यायला तारा गुंडाळायच्या होत्या. तो म्हणाला, "तू रागावलेली दिसतेस. हरकत नाही. पण कात्री घरी ठेवून रागाव." मग मी त्याला सगळं सांगितलं. इथल्या माणसाला आपल्याकडचं हे सांगणं म्हणजे आधी अर्धा तास प्रस्तावना. शेवटी तो पातेल्यावरच्या अक्षरांवरून अंगठा फिरवत म्हणाला, "माझी आई मेइडोर्नची फुलं घरात आणू द्यायची नाही. अपशकुन म्हणायची. मी विचारायचो, झाडाने काय केलंय? ती म्हणायची, काही नाही, पण आणायची नाहीत."

दोन वर्षं मी फक्त पाणी घातलं आणि चरफडत राहिले. थंडीत पातेल्याला पोतं गुंडाळलं, कारण स्टील फार गारठतं. तिसऱ्या वर्षी विमने काम सुरू करू दिलं. मेइडोर्नची जुनी फांदी वाकत नाही, मोडते. म्हणून नवी फूट वाढू द्यायची, कोवळी असतानाच तारेने वळण द्यायचं, मग छाटायची, पुन्हा वाढू द्यायची. एका फांदीला चार-पाच वर्षं जातात. सूड घ्यायला इतकं सोयीचं दुसरं काम मला माहीत नाही. तारेच्या प्रत्येक वेढ्याला मी मनात एकेक उत्तर देत असे. "आम्हीही तुमच्याकडचा वरणभात वेगळा ठेवायला हवा होता" हे एका खालच्या फांदीत आहे. तीन ड्रिल बिटांवरचं उत्तर शेंड्यात आहे. ते छापण्यासारखं नाही.

विमचं आणि माझं खरं भांडण झालं ते दर्शनी बाजूवरून. बोन्सायला पुढची बाजू असते, माणूस जिथून बघणार ती. करवतीचा घाव मागे लपवायचा आणि मुळांचा पसारा पुढे आणायचा, असं विमचं म्हणणं. मी घाव पुढे ठेवला. कोरून, आतलं लाकूड मोकळं करून, पांढरं पडू दिलं. आणि माती बदलताना सबंध झाड पातेल्यात असं फिरवून लावलं की घावाच्या बरोबर खाली आईचं नाव येईल. विम म्हणाला, "कुंडी शेवटी निवडतात. झाड कुंडीसाठी नसतं." मी म्हटलं, "हे आहे."

दर रविवारी फोनवर आई विचारायची, पातेलं आहे ना? मी म्हणायचे, आहे. खोटं नव्हतं. "खीर केली का त्यात?" या प्रश्नाला मात्र मी पौर्णिमेमागून पौर्णिमा काहीबाही सांगत आले. झाड पाळलंय हे तिला माहीत होतं, कशात पाळलंय ते नव्हतं. आठ बायकांनी मोठ्याने वाचलेल्या नावाच्या बुडाला कुणी पाच भोकं पाडली हे मी तिला कोणत्या तोंडाने सांगणार होते? चूक त्यांची होती, आणि चोरासारखी मी बोलत होते. या लबाडीचाही हिशेब मी श्रीकांतदादांच्याच नावावर मांडत होते.

फुलं काही येत नव्हती. पाच वर्षं झाली, झाड देखणं झालं, पानं नखाएवढी बारीक आली, पण मे महिना कोरडा. "काऊन वं, फुलं काऊन येत नाही त्याला?" आई विचारायची. मला कारण पाठ होतं. याची फुलं जुन्या, आखूड काड्यांवर येतात. दर उन्हाळ्यात सगळी फूट छाटत बसलं तर झाड त्या काड्या करणार कधी? मी विद्यार्थ्यांना हे शिकवते. आणि संध्याकाळी घरी येऊन कात्री घेऊन बसते. छाटल्याशिवाय मला चैन पडत नसे. मग त्या उन्हाळ्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. मी सात आठवडे अकोल्यात होते आणि प्रशांतने इथे फक्त पाणी घातलं, कारण त्याला काट्यांची भीती वाटते. पुढच्या मे महिन्यात, म्हणजे गेल्या वर्षी, झाड पांढरंशुभ्र झालं. यातून मी काही बोध काढत नाही. हे वनस्पतिशास्त्र आहे.

प्रदर्शन त्याच महिन्यात होतं, गावाबाहेरच्या एका जुन्या काचघरात. बुद्धपौर्णिमा त्याच आठवड्यात आली होती. क्लबातल्या दोघातिघांनी कुरकुर केली की स्वयंपाकाचं भांडं प्रदर्शनात चालत नाही. विमने पातेलं वर उचललं, खालून बघितलं आणि म्हणाला, "भोकं आहेत. म्हणजे कुंडी आहे." श्रीकांतदादांचे तीन ड्रिल बिट असे कामी आले. झाडाशेजारी एक कार्ड असतं: झाडाचं नाव, किती वर्षं जोपासलं, आणि कुंडी कुणी घडवली. त्या शेवटच्या ओळीत मी लिहिलं, "नाव कुंडीवर आहे." लोक विचारायचे, काय लिहिलंय? मी म्हणायचे, वाचता येणारं कुणीतरी येईल.

येणार हे मला ठाऊक होतं. श्रीकांतदादा कुठलंही बोन्साय प्रदर्शन सोडत नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं आली. मी दोन टेबलं पलीकडे, एका जुनिपरच्या झुडपाच्या आड उभी होते. ते लांबूनच "मोई, मोई" म्हणत आले, म्हणजे सुंदर, सुंदर. फुलं बघितली, घाव बघितला, मोबाइल काढला, नीट फोटोसाठी वाकले. आणि वाकलेलेच राहिले.

शेजारी एक डच आजीबाई कार्ड वाचत होत्या. त्यांनी विमला विचारलं, नाव काय आहे? विमने आजूबाजूला पाहिलं. साळसूदपणा असा की मी तो जन्मात विसरणार नाही. "मेनेर," म्हणजे साहेब, अशी हाक मारून तो श्रीकांतदादांना म्हणाला, "तुम्ही त्याच देशाचे दिसता. तुम्हाला हे वाचता येतं का?"

दादा म्हणाले, ही एक भेटवस्तू आहे, तसं काहीतरी लिहिलंय.

"नाही, नाही," आजीबाई म्हणाल्या, "तुमच्या भाषेत वाचा. मला ऐकायचंय."

तीन-चार माणसं थांबली. दादांनी घसा साफ केला. त्यांनी मला तोवर पाहिलं होतं. "बुद्धपौर्णिमा," ते म्हणाले. मग थांबले. "सौ. शेवंता गौतम ढवळे यांना..." आवाज खाली गेला, तशा आजीबाईंनी कानामागे हात धरला. त्यांना पुन्हा वाचावं लागलं, सुरुवातीपासून, सप्रेम भेटपर्यंत. "शेवंता," आजीबाईंनी म्हणून बघितलं. मागच्या माणसानेही म्हणून बघितलं. काचघरात डच तोंडांतून दोन-तीनदा आईचं नाव फिरलं. मेइडोर्नच्या फुलांना जवळून किंचित कुजका वास येतो, आणि श्रीकांतदादांचं नाक त्या फुलांपासून वीतभर अंतरावर होतं. वहिनी पर्सची चेन लावत होत्या. ती काही लागत नव्हती.

जाताना दादा माझ्यापाशी आले. "अगं वैशाली, तू हे इतकं मनाला लावून घेतलंस होय?"

"हो," मी म्हटलं.

सूड घेतल्यावर माणसाला रितं रितं वाटतं असं पुष्कळजण सांगतात. मला तसं काही वाटलं नाही. मी घरी आले, दोन वाट्या खीर खाल्ली आणि सकाळपर्यंत गाढ झोपले. पंचशील मी रोज म्हणते. कुणाला मारलं नाही, कुणाचं चोरलं नाही, खोटं आईशी सोडून कुणाशी बोलले नाही. वैर सोडावं हेही मी लहानपणापासून विहारात बसून ऐकत आले आहे आणि ते खरं असणार. पण मला अजून सोडता येत नाही, आणि येतं असं मी दाखवणारही नाही.

तर आजचा रविवार. सकाळी कोंबाला हिरवी रेघ दिसली. मी झाड पातेल्यातून उपसून काढलं, मुळं ओल्या फडक्यात गुंडाळली. मुळं भरपूर आहेत आता, दाट, पिवळसर. पातेलं घासलं. टेबलावर विमची कुंडी आणि शेजारी रिकामं पातेलं. विमने कुंडी प्रेमाने दिली आहे, आणि झाडाला ती खरोखर शोभेल, हेही मला दिसत होतं. एवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. "पातेलं आहे ना?" तिने विचारलं, नेहमीसारखं.

मी पातेलं उचललं आणि बूड कॅमेऱ्यासमोर धरलं. पाच भोकांतून मागच्या खिडकीचा उजेड आला. मग सगळं सांगितलं. खीर, तीन डबे, वेगळं ठेवलं होतं, ड्रिल, गाडी, सात वर्षं, काचघर. आई गुडघ्यावर हात ठेवून ऐकत होती. मी रडत होते हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे पोरी. आई अशा वेळी बहुतेक तेच म्हणते.

ती म्हणाली, "मोठ्यानं वाचलं का त्यानं?"

"हो. दोनदा वाचायला लागलं."

"सबंध? सौ.पासून?"

"सबंध."

तिने मान हलवली. शिकायला आलेल्या बाईने पाटीवर नीट लिहिलं की हलवायची, तशीच. तिकडे कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली.

"आन् त्याची बायको?" तिने विचारलं. "तिनं वाचलं का?"

"नाही. ती पर्सची चेन लावत होती."

"मंग तिचं राह्यलं ना वं," आई म्हणाली. "यंदा तिला वाचायला लाव."

विमची कुंडी मी पुसून कपाटात वर ठेवली. पाचही भोकांवर जाळी बसवली आणि पातेल्यात माती भरायला घेतली.